प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम ऐकायचा कसा: पाच फेऱ्यांचा क्रम

‘ऐकलो की, पण डोक्यावरून गेलं.’ नव्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब रचना आणि बदलत्या मात्रांच्या रॉक संगीताचा, एखादा अल्बम कुणाला सुचवला की आठवड्याभराने हे उत्तर हमखास येतं. मग मी विचारतो, कुठे ऐकला? कुणी सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीवर, एका कानात इअरफोन घालून ऐकलेला असतो. कुणी नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक नसताना, फोनच्या स्पीकरवर. बरेच जण तर अल्बममधलं गाजलेलं एकच गाणं ऐकतात आणि पुढचं आपोआप भलत्याच बँडचं लागतं. हे अल्बम अवघड असतात, मान्य. पण यांच्यापैकी कुणीही अवघड भागापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

जुळे सोलापुरात आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पाच-सहा जण बसून एक अल्बम ऐकतो. सुरुवातीला आमचंही बरंच चुकलं. कधी आधीच सगळं वाचून बसलो, कधी पहिल्याच वेळी मात्रा मोजायला लागलो. हळूहळू कळलं की असा अल्बम पाच फेऱ्यांत ऐकावा लागतो आणि प्रत्येक फेरीचं काम वेगळं असतं. चौथ्या फेरीचं काम पहिल्या फेरीत उरकायला गेलं की कंटाळा येतो, आणि दोष अल्बमला लागतो. पाचही फेऱ्या दोन-तीन आठवड्यांत व्हाव्यात. एका दिवशी दोन करू नका, मधली झोप बरंच काम करते.

१. अल्बम निवडणं

एकच निवडा, आणि पाचही फेऱ्या होईपर्यंत बदलू नका. पहिला अल्बम ४० ते ५० मिनिटांचा असावा. स्टुडिओत केलेला असावा. मैफलीचं रेकॉर्डिंग किंवा निवडक गाण्यांचा संग्रह नको, कारण गाण्यांचा क्रम आणि त्यांचे सांधे हेच आपल्याला ऐकायचं आहे.

माझ्या मते सुरुवातीला तीन अल्बम चांगले. पॉर्क्युपाइन ट्रीचा ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’, साल २००७. सहा गाणी, साधारण ५० मिनिटं, आणि सगळी मिळून एकच सलग रचना असावी अशी बांधलेली. दुसरा ओपेथचा ‘डॅमनेशन’, साल २००३. आठ गाणी, ४३ मिनिटांच्या आसपास, सगळा मवाळ आणि उदास. तिसरा स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’, साल २०२५. यात दोनच रचना आहेत, एक २३ मिनिटांची, दुसरी १८ मिनिटांची. अंतराळातून पृथ्वीकडे पाहिल्यावर माणसाच्या मनात जी उलथापालथ होते, तो याचा विषय.

पुढची उदाहरणं मी मुख्यतः ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ची देणार आहे. आमच्या बैठकीत नवीन माणूस आला की हाच लावतो.

इथे होणारी चूक: सगळ्यात मोठ्या नावापासून सुरुवात. ड्रीम थिएटरचा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ जवळपास ७७ मिनिटांचा आहे. टूलचा ‘लॅटरॅलस’ त्याच्याहूनही थोडा लांब. दोन्ही अप्रतिम आहेत, पण नवीन कान साधारण पन्नासाव्या मिनिटाला थकतो आणि शेवटची २५ मिनिटं नुसती वाजत राहतात.

आणखी एक. ओपेथच्या बऱ्याच अल्बममध्ये गुरगुरणारा, घशातून खरवडून काढलेला आवाज आहे. पहिल्यांदा ऐकणारा तिथेच थांबतो. ‘डॅमनेशन’मध्ये तो नाही. ‘डॅमनेशन’ अंगवळणी पडला की २०२४ चा ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’ घ्या. त्यात एका श्रीमंत बापाचं मृत्युपत्र वाचलं जातं, आणि तो गुरगुरणारा आवाज तिथे त्या मेलेल्या बापाच्या रागासारखा चपखल बसतो.

तपासून पाहा: ॲपवर एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात. ‘डिलक्स’ म्हणून जी असते तिच्या शेवटी जादा गाणी जोडलेली असतात. मूळ अल्बम कितव्या गाण्याला संपतो ते आधी पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. शेवट कुठे आहे हे माहीत नसलं तर शेवट कानावर पडूनही कळत नाही.

२. फोनमधली तयारी

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि एकदाच करायचं आहे. तरीही ‘डोक्यावरून गेलं’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं इथेच बिनसलेलं असतं.

शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी सोय, बंद करा. काही फुकट ॲपवर ते बंदच होत नाही. तसं असेल तर पहिल्या फेरीसाठी दुसरी सोय करा: मित्राकडची सीडी, विकत घेतलेल्या फाइल, काहीही. मध्येच जाहिरात वाजणार असेल तर त्या ऐकण्याला फेरी म्हणू नका.

क्रॉसफेड शून्यावर आणा. ही सोय एक गाणं संपता संपता दुसरं त्याच्यावर चढवते. लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे, इथे तिने सांधाच मोडतो.

गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये खंड न पडू देणारी सोय, चालू करा. पुष्कळ ठिकाणी एक गाणं श्वासही न घेता दुसऱ्यात शिरतं. विल्सनच्या ‘हँड. कॅनॉट. इरेज.’मधलं पहिलं छोटं गाणं दुसऱ्या दहा मिनिटांच्या गाण्यात असंच मिसळतं. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता आली तर सेटिंग चुकलंय असं समजा.

ऑटोप्ले बंद करा. अल्बम संपल्यावर ॲप ‘तुम्हाला आवडेल असं’ काहीतरी लावतं. शेवटच्या सुरानंतरचा मिनिटभर अल्बमचाच असतो, तो दुसऱ्याला देऊ नका.

सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर ‘अल्बम’ असा पर्याय असल्यास तो घ्या. या संगीतात हळू भाग मुद्दाम हळू आणि जड भाग मुद्दाम जड ठेवलेला असतो. इक्वलायझर सपाट ठेवा. बेस वाढवलेला असेल तर गिटारचे खालचे सूर आणि बेस यांचा एकच लगदा होतो.

अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा. होटगी रोडच्या टोकाला नेटवर्क कसं येतं-जातं ते तिकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.

सावध: ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर पूर्ण चार्ज करा. ऐन हळव्या जागी ‘बॅटरी लो’ असं कानात कुणी बोललं की ती फेरी गेली. फोन फ्लाइट मोडवर टाका, मग ब्लूटूथ पुन्हा चालू करा.

तपासून पाहा: डावा हेडफोन डाव्याच कानात आहे ना? आणि ‘मोनो’ सेटिंग चुकून चालू नाही ना? या अल्बममध्ये आवाज या कानातून त्या कानात फिरवलेले असतात, मोनोत ते सगळे एकाच ठिकाणी गोळा होतात.

३. वेळ, खोली आणि आवाज

सोलापुरात यावर जरा जास्त बोलावं लागतं. मार्च ते मे दुपारी अल्बम ऐकायचा म्हटलं तर कूलर चालू हवा, आणि कूलरच्या घरघरीखाली प्रत्येक हळू भाग बुडतो. कूलर बंद केला तर दहाव्या मिनिटाला तुम्ही उठणार. त्यामुळे उन्हाळ्यात दोनच वेळा खऱ्या: पहाटे साडेपाच-सहा, नाहीतर रात्री साडेदहानंतर गच्चीवर, हेडफोन लावून. पंखा लागत असेल तर एकवर. हिवाळ्यात हा प्रश्न नाही, पण जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या जवळपास राहत असाल तर बैठक पुढे ढकला.

नळाला पाणी यायचा दिवस आणि वेळ पाहूनच तारीख ठरवा. हे मी अगदी मनापासून सांगतोय. आमच्या पहिल्या तीन बैठकींपैकी दोन ‘पाणी आलं’ या हाकेने मोडल्या. घरातल्यांना आधी सांगून ठेवा की तासभर मला हाक मारू नका. आमच्या आईला मी ‘पूजेला बसल्यासारखं समज’ असं सांगितलं, तेव्हापासून ती स्वतःच दार लोटून घेते.

स्पीकरवर ऐकणार असाल तर दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी पुढे ओढा. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतात, त्यामुळे झांजांचा आवाज खणखणत राहतो. यावर उपाय घरातच आहे. खाली सतरंजी अंथरा आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी एकावर एक टांगा. तीक्ष्ण घुमारा लगेच कमी होतो. बेसचा घुमारा मात्र चादरीने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा.

आवाज किती? इथे जवळपास सगळेच चुकतात. अल्बमची सुरुवात बहुधा हळू असते, मग माणूस आवाज वाढवतो, आणि चौथ्या मिनिटाला जड गिटार अंगावर आल्यावर दचकून कमी करतो. मग पुन्हा वाढवतो. ही खालीवर अख्खा तास चालते. त्याऐवजी तुमच्या ओळखीचं, बऱ्यापैकी दणदणीत असं दुसरं एखादं गाणं लावा, त्यावर आवाज ठरवा आणि नंतर त्या बटणाला हात लावू नका. हळू भाग फार हळू वाटला तर कान पुढे करा. कान पुढे करायला लावण्यासाठीच तो हळू ठेवलेला असतो.

सावध: जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज जसा वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजत असेल तर पुढच्या वेळी आवाज दोन घरं खाली.

४. पहिली फेरी: नुसतं ऐकायचं

डोळे मिटा किंवा छताकडे पाहा. गाण्याचे शब्द वाचायचे नाहीत. अल्बमबद्दल काहीही वाचायचं नाही. मोजायचं नाही. थांबवायचं नाही, मागे घ्यायचं नाही. आवडलेला भाग पुन्हा ऐकायची फार इच्छा होते. ती दाबून ठेवा, दुसऱ्या फेरीत कामाला येते.

मन भरकटणारच. सोळाव्या मिनिटाला तुम्हाला वीजबिल आठवेल. स्वतःवर चिडू नका, जिथे असाल तिथून पुन्हा आत या. ‘काय सुटलं’ याचा हिशेब या फेरीत नको.

संपल्यावर दोन मिनिटं गप्प बसा. मग वहीत तीनच ओळी लिहा: कुठली एक जागा आठवते, कुठे कंटाळा आला, आणि शेवटी अंगात काय उरलं. ‘छान आहे’, ‘बरा आहे’ असलं काही लिहू नका. त्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

इथे होणारी चूक: पहिल्या फेरीनंतर लगेच मत देणं. मीही हे केलंय. ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ पहिल्यांदा ऐकून मी ‘मधलं गाणं उगाच लांबवलंय’ असं मित्राला ठामपणे सांगितलं होतं. ते मधलं गाणं आज मी अल्बमचा कणा मानतो.

तपासून पाहा: एकही जागा आठवत नसेल तर दुसऱ्या फेरीला जाऊ नका. चार दिवसांनी पहिलीच फेरी पुन्हा करा, शक्यतो दुसऱ्या वेळेला.

५. दुसरी फेरी: नकाशा काढायचा

कागद आडवा धरा. प्रत्येक गाण्यासाठी एक आडवी रेघ मारा, तिच्यावर मिनिटांच्या खुणा करा. ऐकता ऐकता फक्त बदल टिपा: इथे हळू झालं, इथे जड झालं, इथे गाणं थांबून नुसतं वाजवणं सुरू झालं, इथे मघाचाच सूर परत आला. शब्द दोन-तीनच वापरा. वाक्यं लिहायला लागलात तर ऐकणं सुटेल.

‘ॲनेस्थेटाइझ’ हे या अल्बममधलं तिसरं गाणं, पावणेअठरा मिनिटांचं. पहिल्या फेरीत ते अवाढव्य वाटतं. नकाशा काढला की त्याचे तीन स्पष्ट भाग दिसतात. आधी ड्रमच्या पोकळ, घुमणाऱ्या ठोक्यांवर चाललेला संथ भाग. यातच चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या आसपास एक गिटार सोलो येतो, तो रश या बँडच्या ॲलेक्स लाइफसनने वाजवलेला आहे. मग मधला मोठा, जड, दातओठ खाणारा भाग. आणि शेवटी सगळं निवतं, एकावर एक आवाज रचलेले, पाण्याकाठी बसल्यासारखं. संध्याकाळी कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसलं की मला नेहमी हाच शेवटचा भाग आठवतो. तीन भाग एकदा दिसले की ‘पावणेअठरा मिनिटं’ हे ओझं राहत नाही. सहा-सहा मिनिटांची तीन गाणी ऐकायला कुणाला जड जातं?

या फेरीत थांबवायला परवानगी आहे, पण फक्त दोन गाण्यांच्या मध्ये.

इथे होणारी चूक: नकाशात ‘कडवं, ध्रुवपद, कडवं’ शोधणं. या रचनांत ध्रुवपद एकदाच येऊन कायमचं जाऊ शकतं. ख्यालाच्या बैठकीला बसलेल्या माणसाला हे लवकर कळतं. तिथेही विलंबित चालू असताना ‘गाणं कधी सुरू होणार’ असं कुणी विचारत नाही.

तपासून पाहा: नकाशा बाजूला ठेवून अल्बममधला सगळ्यात शांत क्षण आणि सगळ्यात दणदणीत क्षण कुठल्या गाण्यात आहे ते सांगता येतं का? आलं तर पुढे चला.

६. तिसरी फेरी: शब्द आणि गोष्ट

आता शब्द काढा. ऐकण्याआधी सगळे एकदा मनात वाचून घ्या आणि प्रत्येक गाण्याखाली मराठीत एकच ओळ लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, काय चाललंय. इंग्रजी अडलं तर शब्दकोशात पाहा, पण प्रत्येक ओळीचं भाषांतर करत बसू नका. मग कागद समोर ठेवून ऐका. वाद्यांचा भाग आला की नजर कागदावरून उचला. वाचताना कान अर्धे बंद होतात, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

‘मी’ म्हणणारा माणूस म्हणजे गायक नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’मध्ये बोलतोय तो पडद्यांना आणि गोळ्यांना चिकटलेला, कशातच जीव न रमणारा एक किशोरवयीन मुलगा. या अल्बमची प्रेरणा ब्रेट ईस्टन एलिस यांच्या ‘लूनर पार्क’ या कादंबरीतून आली. हे कळल्यावर गाण्यातला तो निर्विकार, थिजलेला आवाज का आहे ते उमगतं. तोपर्यंत मला तो गायकाचा आळस वाटत होता.

पुढचा परिच्छेद ‘हँड. कॅनॉट. इरेज.’बद्दल आहे. तो अल्बम ऐकायचा असेल आणि अजून दोन फेऱ्या झाल्या नसतील तर हा परिच्छेद सोडून सातव्या टप्प्यावर जा.

जॉयस कॅरोल व्हिन्सेंट ही बाई लंडनमध्ये आपल्या घरात वारली आणि दोन वर्षांहून अधिक काळ कुणाला पत्ता लागला नाही. २००६ च्या जानेवारीत ती सापडली तेव्हा घरातला टीव्ही चालूच होता. तिला बहिणी होत्या, ओळखीपाळखीचे लोक होते. स्टीव्हन विल्सनने २०१५ साली या घटनेवरून हा अल्बम रचला. शहरात राहून हळूहळू सगळ्यांपासून दूर होत जाणारी एक स्त्री, हा त्याचा विषय. शेवटाकडे एक गाणं भावाला लिहिलेल्या पत्रासारखं आहे. आधी हे सगळं वाचून बसलात तर पहिल्या गाण्यापासून तुम्ही मरणाचीच वाट पाहता, आणि मधल्या आनंदाच्या जागा तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आधी दोन फेऱ्या करून मग हे कळलं, तर तिसऱ्या फेरीत ते पत्राचं गाणं ऐकवत नाही. आमच्या बैठकीत त्या दिवशी अल्बम संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. एकाने तिथूनच पुण्याच्या बहिणीला फोन लावला.

म्हणून क्रमाबद्दल मी एवढा आग्रही आहे.

७. चौथी फेरी: एकच वाद्य

या फेरीत एक वाद्य धरायचं आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सोडायचं नाही. बहुतेक जण गिटार धरतात. मी बेस धरा म्हणतो. गिटार आणि गळा न बोलावता कानात येतात. बेस शोधावा लागतो, आणि एकदा सापडला की वर चाललेल्या सगळ्या गोष्टी कशावर उभ्या आहेत ते कळतं. सापडत नसेल तर बेसबरोबर ओठ मिटून गुणगुणा.

ताल ऐकायची सवय असेल तर ड्रम धरा, पण सगळे नाहीत, फक्त हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांची जोडी. पॉर्क्युपाइन ट्रीच्या गॅव्हिन हॅरिसनचं निम्मं बोलणं त्या झांजांवर चालतं.

हॅरिसन ठोके अशा जागी टाकतो की ताल घसरल्यासारखा वाटतो, आणि थोड्या वेळाने सगळं बरोबर जागेवर येऊन बसतं. मुळात लय कुठेही हललेली नसते. हे समजायला सोलापूरकराला परदेशी पुस्तक नको. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडबाहेर पाच मिनिटं उभे राहा. शेजारशेजारच्या दोन मागांची गती किंचित वेगळी असते. खटके आधी एकत्र पडतात, मग एकमेकांपासून सुटतात, मध्ये नुसता गलका होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा एकत्र येतात. याच कुळातली युक्ती प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये मोजून केलेली असते. ड्रम चारच्या आवर्तनात, गिटार पाचच्या. दोघांची पहिली मात्रा वीस मात्रांनी पुन्हा एकत्र पडते. ती विसावी मात्रा संपून पुढची एक पडते, तिथे अंगावर काटा येतो. कन्ना चौकाकडचा आमचा एक मित्र लहानपणापासून मागांच्या आवाजात वाढला. बैठकीत अशी जागा आली की आम्ही मोजत असतो आणि तो नुसता मान हलवतो. त्याची मान बरोबर पडते.

तपासून पाहा: धरलेलं वाद्य कुठल्या गाण्यात पूर्ण गप्प होतं? प्रत्येक अल्बममध्ये अशी जागा बहुतेक असतेच. ती सापडली तर चौथी फेरी झाली.

८. मात्रा मोजणं (ही फेरी नाही, सराव आहे)

लोक मात्रांपासूनच सुरुवात करतात आणि मग त्यांना संगीताऐवजी गणित ऐकू येतं. चौथ्या फेरीनंतर, एका वेळी एकच गाणं घेऊन, अर्धा तास पुरे.

आपल्याला इथे मोठी सोय आहे. रूपक आणि झपताल आपण नाट्यपदांत, भावगीतांत, भजनांत ऐकत आलोय. आमच्या बैठकीत भजनी मंडळात तबला वाजवणारे एक काका येतात. रॉकशी त्यांचा कधी संबंध नव्हता. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ त्यांना ऐकवलं, तर दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी मांडीवर सात मोजून दाखवले.

मग काकांनीच पुढची अडचण दाखवली. रूपकाचे सात ३-२-२ असे पडतात आणि पहिल्याच मात्रेला खाली, म्हणजे टाळी नसलेली हलकी जागा, असते. रॉकमध्ये टाळी-खाली ही कल्पना नाही, पहिली मात्रा सहसा भरीव असते, आणि सातांची फोड ४-३ किंवा २-२-३ अशीही असते. त्यामुळे नुसते ‘सात आहेत’ एवढ्यावर थांबू नका, वजन कुठे पडतंय ते ऐका. ‘ती ती ना धी ना धी ना’ बळजबरीने बसवायला गेलात तर दोन्हीकडचं बिघडेल.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी साताचं ‘मनी’. मग टूलचं ‘शिझम’. त्याची मुख्य धून पाच आणि सात अशा जोडीने चालते. उजव्या हाताची पाच बोटं मोजा, मग सात, मग पुन्हा पाच. नंतर त्याच बँडचं ‘लॅटरॅलस’ हे त्या अल्बमच्याच नावाचं गाणं, जिथे नऊ, आठ, सात असे गट एकामागून एक येतात. तिन्हींची बेरीज २४, म्हणजे आठाची तीन आवर्तनं. अडखळलात तर सरळ आठ-आठ मोजत राहा, चोविसाव्यानंतर सगळे पुन्हा एकत्र भेटतात. हे तीन आकडे शेजारी लिहिले की होणारी ९८७ ही फिबोनाची श्रेणीतलीही (जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) एक संख्या आहे, आणि त्या गाण्यात शब्दांची अक्षरंही त्याच श्रेणीने वाढत-घटत जातात. हे कळलं की मजा येते, पण हे न कळताही गाणं पूर्ण पोहोचतं.

सावध: ड्रीम थिएटरचं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ मोजायला घेऊ नका. सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा मात्रांचा हिशेब बदलतो. ते वाऱ्यावर सोडून ऐकायचं.

९. पाचवी फेरी: पुन्हा अखंड

पहिल्या फेरीसारखीच. कागद नको, वही नको, मोजणं नको. नकाशा, शब्द, बेस, मात्रा सगळं आता आत बसलेलं असतं, ते आपलं आपण वर येतं. ही फेरी शक्य असेल तर दुसऱ्या कुणाबरोबर करा.

चार जण बसणार असाल तर नियम आधी सांगा. अल्बम चालू असताना कुणी बोलायचं नाही, ‘आता बघ काय येतंय’ हेही नाही. चहा आधी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी नंतर, कारण भाकरी मोडल्याचा आवाज ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’मधल्या ‘माय ॲशेस’सारख्या हळू गाण्यात अख्ख्या खोलीला ऐकू जातो. संपल्यावर प्रत्येकाने एकच जागा सांगायची, गाणं आणि साधारण मिनिट. मत नाही, जागा. दुसऱ्याने सांगितलेली जागा आपल्या कानातून निसटलेली असते, असं दर वेळी होतं.

प्रवासातल्या ऐकण्याबद्दल बरेच जण विचारतात. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना चार तास मिळतात, पण रेल्वेची घरघर नेमकी बेसच्याच पट्टीत बसते आणि हळू भाग गिळून टाकते. पाच फेऱ्या झालेला अल्बम गाडीत खुशाल ऐका, कमी पडलेलं कान स्वतः भरून काढतो. पहिली फेरी गाडीत नको.

पाचव्या फेरीनंतरही अल्बम आवडला नाही, तर वहीत तारीख टाकून सहा महिन्यांनी पुन्हा काढा. तेव्हाही नको वाटला तर सोडून द्या.

१०. पुढचा अल्बम

पहिल्या अल्बमच्या वहीतल्या नोंदी पाहा. तालाच्या जागा जास्त टिपल्या असतील तर ‘लॅटरॅलस’ घ्या. शांत जागा जास्त असतील तर ‘डॅमनेशन’. गोष्ट आवडली असेल तर आता ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ घ्यायला हरकत नाही. त्याचे दोन अंक आहेत, नाटकासारखे, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत अंकाअंकांच्या मध्ये दहा मिनिटं थांबा. पहिल्या आणि पाचव्या फेरीत मात्र सलग ऐका. तिसऱ्या फेरीच्या आधी १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधलं ‘मेट्रोपोलिस’ एकदा ऐकून घ्या, कारण त्यातल्या धुना आणि ओळी इथे परत येतात आणि ओळखू आल्या तर गोष्टीचे धागे जुळतात. अगदी शेवटी नुसती खरखर ऐकू येईल. हेडफोन बिघडला समजून काढू नका. २००२ साली आलेला त्यांचा पुढचा अल्बम त्याच खरखरीने सुरू होतो.